धुक्याचे दिवे आणि रिकामं पारडं

१ डिसेंबर, रविवार

या हातांनी केलेल्या वस्तू, केल्या त्या क्रमाने: दुकानाची पाटी, अक्षरांसकट. स्वयंपाकघरातलं घडीचं टेबल. मुलगी झाली तेव्हा तान्ह्या बाळाचा वजनकाटा, पितळी पारड्याचा, पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा; सहाव्या दिवशी त्यावर ती दोन किलो सहाशे दहा भरली. कपड्यांची दोरी, कप्पीवर वरखाली होणारी. बायकोच्या गुडघ्याच्या उंचीचं स्टूल. मुलीचं अभ्यासाचं टेबल, आणि पुढे त्याचेच पाय वाढवून कॉलेजचं टेबल. गोदामातला पाचशे किलोचा काटा, जो अजून चालतो. चपलांचं कपाट, ज्यात चपला सोडून सगळं ठेवलं जातं. फसलेल्या वस्तूंची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. ती लहान आहे. बायको म्हणते, पान पुरतंय का तेवढं बघा.

कुणी शिकवलं नाही. पंधराव्या वर्षी एक मोडका काटा उघडला आणि बंद करता येईना, म्हणून शिकलो. तेच पुढे पोटापाण्याचं झालं. वजनकाटे दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली.

यादीत आता एक भर घालायची आहे: गाडीला धुक्याचे दिवे. नवं काम हाती घेतलं की नवी वही, ही जुनी शिस्त. वहीत नावं लिहीत नाही. बायको म्हणजे 'ही', आणि मुलगी म्हणजे टिटवी, कारण तान्ही असताना रोज पहाटे साडेचारला किंचाळून सगळी गल्ली जागी करायची. आता सव्वीस वर्षांची आहे. अजूनही साडेचारलाच उठते, पण किंचाळत नाही, चहा टाकते.

नदीपलीकडच्या हॉस्पिटलात ती डायलिसिसची मशीनं चालवते. पहिला पेशंट साडेसहाला. त्याआधी मशीनं धुऊन, तपासून तयार हवीत, म्हणजे पाचला घर सोडायला हवं. अंतर चौतीस किलोमीटर. त्यातले अकरा नदीकाठाने, आणि या दिवसांत तिथे स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. काल सांगत होती, एका वळणावर काच खाली करून, मान बाहेर काढून रस्त्याची कड शोधली. हसत हसत सांगत होती. हिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी गेल्या महिन्यात एकदा म्हणून पाहिलं होतं, मी सोडत जाईन. "बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे," एवढंच उत्तर मिळालं होतं. तेव्हा दिवे.

३ डिसेंबर, मंगळवार

सामान आणलं. दोन गोल दिवे, पिवळ्या काचेचे, पंचावन्न वॉटचे. रिले, पंधरा अँपिअरचा फ्यूज, तांबडी आणि काळी तार, आणि डॅशबोर्डवर बसवायचं बटण. बटणावर कारखान्याची पातळ पारदर्शक फिल्म आहे. ती काढलेली नाही, वापरणाऱ्याने काढायची.

तारेची जाडी विचारायला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो, ही चूक.

"गाडी सोडून जा ना साहेब. दीड तासात लावून देतो."

म्हटलं, मीच लावणार आहे. त्याने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीखाली झोपलेल्या मिस्त्रीला ओरडून सांगितलं, "ऐकलंत का, साहेब काटे सोडून आता वायरिंगला हात घालतायत!" गाडीखालून हसण्याचा आवाज आला.

"बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा बरं का," तो मला म्हणाला. "आणि धूर आला तर फोन करा."

"धूर येणार नाही."

"तो लगेच येतच नाही. आधी वास येतो."

जेवताना हिने विषय काढला. हॉस्पिटलने टिटवीला क्वार्टर देऊ केलं आहे. आवारातच, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. हो की नाही ते वीस तारखेपर्यंत कळवायचं.

"अजून काही ठरवलं नाहीये, बाबा," टिटवी म्हणाली.

मी म्हटलं, निर्णय तुझा, माझं काही म्हणणं नाही. फक्त खिडकी कुठल्या दिशेला ते विचारलं. उत्तरेला. म्हणजे हिवाळ्यात कपडे वाळणार नाहीत. शिवाय दुसऱ्या मजल्यावर पाणी कितपत चढतं ते कुणी बघितलंय का. दाराला कुलूप कुठल्या जातीचं. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत की नुसतीच काच.

"तुमचं काही म्हणणं नाही ना?" ही म्हणाली.

नाहीच आहे. दिवे लागले की मुळात प्रश्नच उरत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

दिवे धरायच्या पट्ट्या तयार. बाजारात तयार मिळतात, पण त्या दोन मिलिमीटर जाडीच्या, खड्ड्यात हादरतात. मी तीन मिलिमीटरची घेतली, गोदामाच्या काट्यातून उरलेली. कडा कानशीने गोल केल्या, रंगाचे दोन हात दिले. ही बघून म्हणाली, "दिवे जन्मभर टिकतील. गाडी टिकेल का?"

गाडी सतरा वर्षांची आहे. तिच्यात काही खोट नाही.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी आठला सुरुवात. निगेटिव्ह आधी काढली.

डाव्या बाजूचं भोक चार मिलिमीटर चुकलं. पाच वेळा मापलं तेव्हा कळलं की माप बरोबर होतं, बंपरच वाकडा आहे. सतरा वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं. डाव्या पट्टीच्या भोकाचा लांबट खाचा केला, म्हणजे दिवा इकडेतिकडे सरकवून बसवता येतो. ही सुधारणा आहे, डागडुजी नव्हे.

टिटवी पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचो आणि पाना हातात यायचा. दहाचा म्हटलं की दहाचा, बाराचा म्हटलं की बाराचा. सात वर्षांची असताना अशीच बसायची. नंबर अजून पाठ आहेत तिला. एकदा मी काही म्हणायच्या आत तेराचा हातात ठेवला. तेराचाच हवा होता.

दुपारी जोडणी पूर्ण. डावा दिवा झकास, उजवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. दोन तास गेले. काळी तार मी रंगावर कसली होती. रंगातून वीज जात नाही. खरडून खालचा पत्रा चकचकीत केला, तार पुन्हा कसली, उजवाही लागला. गॅरेजवाल्याला फोन केला नाही. वास आला होता, पण तो रंगाचा.

संध्याकाळी सातला, अंधार पडल्यावर, दिव्यांचा रोख ठरवला. धुक्याच्या दिव्याचं सगळं यश रोखात आहे. उजेड खालीच राहिला पाहिजे, रस्त्यालगत. वर गेला तर धुक्याच्या थेंबांवर आपटून उलटा डोळ्यांत येतो. काटा तपासताना आधी पारडं रिकामं करायचं आणि शून्य बघायचं, हा दुकानाचा पहिला नियम. गाडीलाही तोच लावला. डिकी रिकामी, सीटा रिकाम्या, चारी टायरांत हवा सारखी. भिंत सात मीटर साठ सेंटीमीटरवर. दिव्याचा मध्य जमिनीपासून अडतीस सेंटीमीटर. भिंतीवर उजेडाची वरची कड त्याच्या दहा खाली, म्हणजे अठ्ठावीसवर हवी. ही खडू घेऊन भिंतीशी उभी होती.

"जरा वर. नाही, खाली. अर्धा सेंटीमीटर."

"अहो, खडूची रेघ आहे ती, जमिनीची हद्द नव्हे. थंडीने बोटं गेली माझी."

रेघ तंतोतंत अठ्ठावीसवर आली. डावी-उजवी सारखी.

मग डिकी भरली. पहाटे रस्ता ओला असतो आणि आपल्या गाडीचं मागचं अंग हलकं आहे, घसरू शकतं. दुकानातून वीस किलोची दोन लोखंडी मापं आणली होती, ती पोत्यात गुंडाळून तळाशी ठेवली. त्यांवर टूलबॉक्स. शेजारी जास्तीचा जॅक.

आता ती आणि धुकं बघून घेतील.

९ डिसेंबर, सोमवार

टिटवी तीनला परत आली. दिवे कसे वाटले?

"छान आहेत, बाबा."

रस्त्याची कड दिसली का?

"हो. छान आहेत."

चहा पिताना पुन्हा विचारलं. छान. एकूण तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. साधनाची खरी पारख हीच, वाचन बदलता कामा नये.

११ डिसेंबर, बुधवार

आज टिटवी स्वतःहून म्हणाली, "बाबा, समोर जरा पांढरं पांढरं होतं का हो त्यांनी?"

मी म्हटलं, धुकं पांढरंच असतं. पण तक्रार आली की तपासणी ही झालीच पाहिजे. संध्याकाळी डिकी पूर्ण रिकामी केली, हवा मोजली, गाडी जुन्या खुणांवर उभी केली. रेघ अठ्ठावीसवर. एका मिलिमीटरचा फरक नाही. दिवे निर्दोष आहेत. तिला तसं सांगितलं. "बरं," म्हणाली.

सामान परत डिकीत भरलं.

१४ डिसेंबर, शनिवार

गॅरेजवाल्याने दुकानासमोर गाठलं. "साहेब, ताईंची गाडी काल पाहिली. मागून बसल्यासारखी वाटते. स्प्रिंगा गेल्या का?"

घरी येऊन डिकी रिकामी केली, जॅकवर चढवून स्प्रिंगा पाहिल्या. दोन्ही ठणठणीत. गाडी खाली उतरवून मागची उंची मोजली, पुस्तकात दिलेली आहे तेवढीच. गॅरेजवाल्यांना गिऱ्हाईक हवं असतं, दुसरं काय.

एक गंमत लिहून ठेवतो. बटणावरची फिल्म अजून तशीच आहे. बुधवारी तपासणीनंतर मी ती पुसली होती, आणि आज तिच्यावर बोटाचा एकही डाग नाही. त्यानंतर तीन दिवस रोज वापरलेलं बटण. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांचे हात किती स्वच्छ असतात! हिला दाखवलं. ती बराच वेळ बटणाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हो. फारच स्वच्छ आहे."

नंतर भांडी लावताना म्हणाली, "एकदा तिच्याबरोबर जाऊन का येत नाही?"

"कशाला? छान आहेत म्हणते ना ती."

"म्हणते," ही म्हणाली.

१६ डिसेंबर, सोमवार

काल रात्री वाऱ्याने नदीकाठाला एक झाड आडवं झालं, टिटवी अर्धा तास अडकून पडली. उद्या कुठे अडकली तर? डिकीत आणखी तीन वस्तू ठेवल्या: पाण्याचा दहा लिटरचा कॅन, गाडी ओढायची साखळी, आणि जाड घोंगडी. ती म्हणाली, "बाबा, मी कामावर जाते, मोहिमेवर नाही." पण नको म्हणाली नाही.

वीस तारखेचं ती काही बोलत नाही. मीही विचारत नाही. माझं त्यात काही म्हणणं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

आज तिच्याबरोबर गेलो. दुकान बंद ठेवलं. जसं झालं तसं लिहितो.

पाचला निघालो. नदीच्या वळणापर्यंत सगळं ठीक. तिथून पुढे धुकं लागलं. टिटवीने वेग कमी केला, गाडीचे नेहमीचे दिवे खाली केले आणि पुढे झुकून चालवू लागली. वेग वीस. धुक्याच्या दिव्यांना हातच नाही.

"अगं, दिवे लाव ना."

"लावू?"

"मग कशाला बसवलेत?"

तिने बटणावर बोट ठेवलं. तेव्हा मला फिल्मचा अर्थ कळला. कळायला नको होता असं वाटलं.

दिवे लागले आणि रस्ता नाहीसा झाला. पुढे पांढरी भिंत उभी राहिली, बॉनेटला टेकलेली. दुधात बुडी मारल्यासारखं झालं. तिने लगेच ब्रेक लावला आणि बटण बंद केलं. हळूहळू रस्त्याची कड परत आली. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने शेजारून जाताना काच खाली केली आणि ओरडला, "ताई, दिवे आभाळात लावलेत का?"

टेम्पो मागे गेल्यावर तिने गाडी पुन्हा हलवली.

"पहिल्याच दिवशी असं झालं?" मी विचारलं.

"हो. मग बंद केले ते केलेच."

"सांगायचंस ना."

"थंडीत आठ तास उताणे पडला होतात, बाबा. काय सांगणार?" तिची नजर रस्त्यावर होती. "एकदा सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, धुकं पांढरंच असतं."

असं म्हणालो होतो, ते वर लिहिलेलं आहे.

सहाला हॉस्पिटलच्या आवारात पोचलो. वाहनतळाला पांढरी भिंत आहे. टेप माझ्या खिशात असतोच. सात मीटर साठ मोजून गाडी उभी केली आणि दिवे लावले. रेघ एकेचाळीसवर! माझ्याच खुणेच्या तेरा सेंटीमीटर वर. पट्ट्या हाताने हलवून पाहिल्या, ढिम्म. दिवे तेच, पट्ट्या त्याच, गाडी तीच. घरी अठ्ठावीस, इथे एकेचाळीस. काट्यात असं झालं असतं तर म्हणालो असतो की...

टिटवी मागच्या सीटवरून आपली बॅग काढत होती. सहज म्हटलं, बॅग सीटवर का, डिकीत का ठेवत नाहीस?

"डिकीत जागा कुठे आहे?"

काट्यात असं झालं असतं तर म्हणालो असतो की पारड्यात काहीतरी राहून गेलंय.

डिकी उघडली. पहिलं वीस किलोचं माप उचलून जमिनीवर ठेवलं. भिंतीवरची रेघ खाली आली. दुसरं ठेवलं, आणखी खाली. टूलबॉक्स, कॅन, साखळी, जॅक, घोंगडी. वॉचमन येऊन उभा राहिला. "काका, इथे दुकान लावताय का?" टेप धरला. अठ्ठावीस.

घरी दर वेळी डिकी मीच रिकामी करायचो, शून्य बघायचो, खूश व्हायचो आणि परत मीच भरायचो. जन्मभर वजनं करणारा माणूस, आणि वजन तेवढं विसरलो.

टिटवी शेजारी उभी होती. घड्याळ बघत होती, पण गेली नाही. "बाबा, मशीनं," एवढंच शेवटी म्हणाली. मी म्हटलं, पळ.

तिची ड्यूटी संपेपर्यंत मी तिथेच थांबलो. दहाला तिने आत बोलावलं, चहा दिला. काचेतून तिचं काम दिसत होतं. पेशंटला मशीन लावायच्या आधी आणि नंतर वजन करतात, हे मला माहीत नव्हतं. अंगातलं किती पाणी काढायचं ते त्यावरून ठरतं. एका आजोबांना उभं राहता येत नव्हतं, त्यांना चाकाच्या खुर्चीसकट काट्यावर घेतलं. त्याआधी तिने काटा रिकामा करून शून्य पाहिलं. मग खुर्चीचं वजन वजा केलं. आजोबा म्हणाले, "रोज का वजा करतेस, खुर्ची काय जाड होणारे?" ती म्हणाली, "खुर्ची नाही होत आजोबा, पण तिच्यावर लोक काय काय ठेवून जातात." आणि खुर्चीच्या पाठीमागच्या पिशवीतून तिने त्यांची पाण्याची बाटली, छत्री आणि बूट काढून बाजूला ठेवले.

हे तिला मी शिकवलेलं नाही. चौकशी करून पाहिली, दुसऱ्या कुणीही शिकवलेलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

डिकीतलं सगळं दुकानात नेऊन मोजलं. कारण चूक झाली तर ती किती झाली तेही लिहावं. मापं ४०.०००, टूलबॉक्स १८.३५०, कॅन १०.२००, जॅक ५.१००, साखळी ४.६५०, घोंगडी १.९००. एकूण ऐंशी किलो दोनशे ग्रॅम.

जेवताना आकडा सांगितला. हिने घास हातातच ठेवला.

"तुमचं वजन किती हो?"

"एकोणऐंशी किलो साडेतीनशे."

"म्हणजे तुम्हीच की! रोज डिकीत बसून तिच्याबरोबर जात होतात."

मी म्हटलं, साडेआठशे ग्रॅमचा फरक आहे.

"चपला धरा की त्यात!"

टिटवी हसता हसता मी केलेल्या स्टुलावरून घसरून खाली बसली. हीही डोळे पुसत होती. मला त्यात एवढं हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण नंतर हात धुतल्यावर चपला तोलून पाहिल्या. आठशे चाळीस.

२० डिसेंबर, शुक्रवार

पहाटे धुकं दाट. गाडी रिकामी. डिकीत फक्त स्टेपनी आणि दहा-बारा-तेराचे पाने.

सहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. "बाबा! पांढरी रेघ दिसते! रस्त्याच्या मधली, तुटक तुटक. सगळी मोजत आले. मैलाचा दगड दिसला, त्यावरचा आकडा वाचला." मागे ही उभी होती, म्हणाली, स्पीकरवर टाका. टाकला. "आई, पिवळा उजेड असा रस्त्यावर सतरंजीसारखा अंथरलाय."

मी विचारलं, वेग किती होता. चाळीस. पंचेचाळीसच्या वर नको म्हटलं.

दिवसभर दुकानात मन चांगलं लागलं. दिवे लागले, प्रश्न मिटला.

तीनला टिटवी आली. चहा तिने केला. म्हणाली, "बाबा, मी क्वार्टरला हो म्हणून आले."

मी म्हटलं, पण दिवे आता...

"दिवे आता उत्तम आहेत. म्हणून तर. शनिवारी ड्यूटी संपवून इकडे यायचं आणि सोमवारी पहाटे परत जायचं, हे धुक्यातूनही जमेल. आधी वाटायचं, एकदा तिकडे गेले की हिवाळा संपेपर्यंत येणं होणार नाही. म्हणून अडले होते."

म्हणजे तिला जायचं पहिल्यापासूनच होतं. मी पंधरा दिवस दिवे लावत होतो ते तिने राहावं म्हणून असं जर कुणी म्हणालं, तर ते खरं नाही. मी रस्ता दिसावा म्हणून लावत होतो. रस्ता दिसतो.

"बरं," मी म्हटलं. आणि खिडकीची रुंदी विचारली.

२१ डिसेंबर, शनिवार

दुकानात तीन काटे आले. तिन्ही तपासले. परत तपासले.

२९ डिसेंबर, रविवार

सामान हलवलं. तिच्या खोक्यांचं वजन करून कुठलं मागे, कुठलं पुढे ते ठरवलं. पुस्तकं सीटच्या पायाशी, कपडे डिकीत. भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून रोख पुन्हा तपासला. एकोणतीस. चालेल.

क्वार्टर पाहिलं. पाण्याचा दाब ठीक. कुलूप बदललं. उत्तरेच्या खिडकीसमोर छताला कप्पी बसवली आणि दोरी ओढून दाखवली. कपडे वर गेले की पंख्याच्या वाऱ्याने वाळतील. पहिल्या पानावरच्या यादीत दोन ओळी वाढवल्या: धुक्याचे दिवे, दुसरी कप्पी.

निघताना टिटवी म्हणाली, "बाबा, डिकीतली मापं तुम्ही परत नेलीत. मला एक हवंय."

"कशाला? रस्ता आता..."

"रस्त्यासाठी नाही. सगळ्यात लहान द्या."

खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी माप होतं, तिच्या बाळकाट्याबरोबरच्या पेटीतलं. का होतं ते सांगता येणार नाही. तिने ते गाडीत समोरच्या खणात ठेवलं. ही म्हणाली, "आता दिवे वर जातील हं."

पन्नास ग्रॅमने रेघ हलत नाही. खाली उतरून मोजलं.

१२ जानेवारी, रविवार

काल टिटवी आली. आज सकाळी आम्ही दोघांनी गाडी धुतली. दिव्यांच्या काचा मऊ फडक्याने, मध्यापासून कडेकडे. ती पाने देत होती, मी पट्ट्यांचे नट कसत होतो. एकही ढिला नव्हता, तरी कसले. मग आत बसून डॅशबोर्ड पुसला. बटणावरची फिल्म गेली आहे. बटणावर बोटाचा ठसा आहे, मधोमध, स्पष्ट. तेवढी जागा सोडून पुसलं.

१३ जानेवारी, सोमवार

पाचला ती गेली. पिवळा उजेड वळणापर्यंत रस्त्याला चिकटून गेला.

दुपारी गॅरेजवाला दुकानात आला. फडकं खांद्यावर नव्हतं. टिटवीची गाडी हवा भरायला त्याच्याकडे थांबली होती, तेव्हा त्याने खाली वाकून पट्ट्या पाहिल्या म्हणे. "साहेब, तो खाचा काय डोकं लावून केलाय तुम्ही! वाकड्या बंपरलाही सरळ बसतो." शाळेच्या गाड्यांना धुक्याचे दिवे लावायचं काम त्याला मिळालं आहे. पट्ट्या मी करायच्या, बसवायलाही मीच, त्याच्या गॅरेजमध्ये, जेवण त्याच्याकडे. गाड्या रविवारीच मोकळ्या असतात.

"तुमच्यासारखी सफाई मला जमत नाही," तो म्हणाला. हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मग कागद घेतला, पट्टीचं चित्र काढलं, मापं घातली, खाचा किती लांब तेही लिहिलं, आणि कागद त्याला दिला. वर सांगितलं की रोख ठरवताना गाडी रिकामी करू नका. पोरं बसवा, दप्तरं ठेवा, रोज जेवढं वजन असतं तेवढं असू द्या, आणि मग भिंतीवर रेघ मारा.

"ते सगळं खरं, पण तुम्ही येताय ना?"

"रविवार मोकळा नाही."

"काय असतं एवढं रविवारी?"

"दिवे पुसायचे असतात."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याला कळलं असावं. कागद घडी करून खिशात घातला आणि गेला.

नोंदीसाठी लिहून ठेवतो. अकरा गाड्या, गाडीमागे अठराशे, एकूण एकोणीस हजार आठशे. नाही म्हटलं.